जामीनदार कोण?

परवा आमच्या चिरंजीवांनी माझ्यापुढे कर्जाचा अर्ज ठेवला. अर्ज तोंडी होता, रक्कम चार हजारांना एक रुपया कमी होती आणि कारण होतं 'गेम'. इतकी वर्षं बँकेच्या काउंटरच्या आत बसून काढल्यामुळे घरातसुद्धा पैशाची गोष्ट निघाली की माझा चेहरा आपोआप दुपारी अडीचनंतरचा होतो. मी विचारलं, "तारण काय?"

"बाबा, दहापैकी नऊ मार्क आहेत."

"कोणी दिले?"

त्यानं मोबाईल पुढे केला. त्यात एक दाढीवाला तरुण विमानाच्या पायलटला शोभेल अशा खुर्चीत बसून दोन्ही हातांनी वारा घालत असल्यासारखं बोलत होता.

"याची जबाबदारी काय? उद्या तुझा गेम टुकार निघाला, तर चार हजार हा भरणार का? जामीनदार कोण?"

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ असा होता की, या गृहस्थांनी लग्नानंतर घेतलेला मिक्सर, पंखा आणि फ्रिज या तिन्ही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घेतल्या असून, आज त्यांना जामीनदार आठवतो आहे. मी गप्प बसलो. पण गप्प बसण्याचं खरं कारण मिक्सर नव्हतं. खरं कारण असं की, मी स्वतः एके काळी गेमचा परीक्षक होतो. माझी कारकीर्द नांदेड येथे १९९३ सालच्या मे महिन्यात सुरू झाली आणि त्याच महिन्यात लातूरच्या एस.टी.त संपली. एवढ्या काळात मी एकच परीक्षण केलं आणि ते खोटं होतं.

पण त्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा. इतिहास माझा विषय नाही. माझा विषय वाणिज्य. पण वाणिज्य म्हणजे तरी काय, कोण कोणाला केव्हा फसलं याची तारीखवार नोंदच की!

जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र बाजारात आणलं. टीव्हीला जोडायचं, वर कॅसेट खोचायची आणि खेळत बसायचं. त्या यंत्राच्या नकला निघाल्या आणि होता होता त्या आमच्या नांदेडला येऊन पोचल्या. त्याला जवळजवळ दहा वर्षं लागली. कुणाकडे 'समुराई' होता, कुणाकडे 'मीडिया', कुणाकडे 'लिटल मास्टर'. आम्ही सगळ्यांनाच 'व्हिडिओ गेम' म्हणत होतो, जसं वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. गेम चालला नाही तर कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. एवढा एक उपाय सबंध भारतातल्या मुलांना कोणीही न शिकवता येत होता.

आता प्रश्न असा, की कुठली कॅसेट घ्यावी हे कळायचं कसं? गेमचं परीक्षण छापणारं पत्र आमच्या वाचनालयात येत नव्हतं. घरचं वर्तमानपत्र सिनेमाचं परीक्षण छापी, तेही तो सिनेमा नांदेडला लागण्याच्या तीन महिने आधी. तेव्हा परीक्षक उरले तीन. पहिला म्हणजे कॅसेटवरचं चित्र. चित्रात विमानं, रणगाडे, आगीचे लोळ; आत पाहावं तर दोन चौकोन एका ठिपक्याला ढकलताहेत. दुसरा म्हणजे कॅसेटवरचा आकडा. 'नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव इन वन' अशी कॅसेट मी स्वतः हाताळलेली आहे. एकेक गेम एकेक मिनिट खेळायचा म्हटला तरी न जेवता न झोपता एकोणीस वर्षं लागावीत. प्रत्यक्षात आत मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' आणि बदकं मारायचा 'डक हंट' असे पाचसात गेम. बाकी तेच गेम पुढच्या पायरीपासून सुरू होणारे. एकाच शेतावर सहा बँकांतून कर्ज काढणारा इसम पाहिला की मला अजून ती कॅसेट आठवते.

तिसरा परीक्षक दुकानदार. वजिराबादेतल्या ज्या दुकानात आम्ही जात होतो, तिथला मालक नांदेडच्या अस्सल दखनी हिंदीत परीक्षण देई. ते कधी एका वाक्यापेक्षा लांब नसे. "लेके जाओ मियां, फस्टक्लास है." सगळंच फस्टक्लास होतं. हा माणूस विद्यापीठात परीक्षक असता तर मराठवाड्याचा निकाल शंभर टक्के लागला असता.

नशिबाचे हे भोग एकट्या नांदेडचे होते असं मात्र नाही. अमेरिकेत १९८२च्या नाताळाला अटारी कंपनीनं 'ई.टी.' या गाजलेल्या सिनेमावरचा गेम आणला. तो हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ नावाच्या गृहस्थानं जेमतेम पाच आठवड्यांत बनवला होता. सुमारे चाळीस लाख कॅसेटी काढल्या. तिकडे १९७९पासून गेमवर सदरं लिहिली जात होती, १९८१पासून त्यासाठी वेगळं मासिकही होतं. पण ते हाती पडून कोणी शहाणं होण्याच्या आत आईबापांनी सिनेमाचं नाव वाचून खरेदी उरकली. सिनेमा जामीन राहिला! मुलं खेळायला बसली आणि त्यांचा ई.टी. खड्ड्यात पडू लागला, तो बाहेर येईना. पुढे न खपलेल्या आणि परत आलेल्या कॅसेटी अटारीनं १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा-डेपोत ट्रकांनी नेऊन पुरल्या. २०१४च्या एप्रिलमध्ये त्या खणून काढल्या, तेव्हा लोकांना दंतकथा खरी असल्याचं कळलं. आमच्या बँकेत बुडीत खाती फक्त वहीत पुरतात. खड्डा खणून पुरण्यात निदान एक प्रामाणिकपणा आहे.

असो. १९९३च्या एप्रिलमध्ये मी साठवलेले एकशे ऐंशी रुपये घेऊन त्या दुकानात गेलो आणि एक नवी कॅसेट उचलली. मालक म्हणाला, "ये गेम खतमच नै होता, मियां." संपत नाही म्हणजे पैसे वसूल, असा मी हिशेब केला. बी.कॉम.ची बीजं तेव्हापासूनच होती.

घरी येऊन लावली. पडद्यावर सगळी जपानी अक्षरं. एक राजा सिंहासनावर बसलेला, समोर एक शिपाईगडी, म्हणजे मी. राजा टुक्टुक् आवाज करत बरंच काही बोलला, ते जपानीत. खोलीत तीन पेट्या होत्या. त्यांच्यावरून चालून गेलं तरी काही होईना. एक दार होतं. त्याला धडक दिली तरी उघडेना. बटण दाबलं की आठ जपानी शब्दांची पाटी उघडे. त्यातला एक निवडला की आणखी जपानी. गोळी नाही, उडी नाही, शत्रू नाही. चार दिवस मी राजाच्या खोलीत राहिलो. सरकारी कचेरीत प्रथमच गेलेल्या माणसाची जी अवस्था होते, ती माझी झाली: साहेब समोर, पेट्या समोर, दार समोर, आणि काय केल्यानं काय होतं ते कुणी सांगत नाही.

पाचव्या दिवशी माझ्या मनात पाप आलं. लातूरला माझा मावसभाऊ होता, माझ्याहून वर्षा-दीडवर्षानं लहान. त्याच्याकडे कॉन्ट्राची कॅसेट होती. नुसती कॉन्ट्राची, अस्सल, आठही पायऱ्यांची. मे महिन्यात मी लोहा-अहमदपूरमार्गे एस.टी.नं लातूरला गेलो तो पिशवीत जपानी राजा घेऊनच. गंजगोलाईत मावशीबरोबर आंबे घ्यायला गेलो असताना मी माझं आयुष्यातलं एकमेव परीक्षण उच्चारलं:

"लई भारी गेम आहे. पण डोकं लागतं त्याला. तुला जमेल का बघ."

या तीन वाक्यांतली पहिली दोन त्या वेळी माझ्या लेखी खोटी होती आणि तिसरं हे शुद्ध विष होतं. लातूरच्या मुलाला 'तुला जमेल का' असं विचारणं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणं. अदलाबदल तिथल्या तिथे झाली. परतीच्या एस.टी.त कॉन्ट्रा माझ्या मांडीवर होती आणि चाकूर ओलांडेपर्यंत मला थोडं वाईटही वाटलं.

पुढे वाणिज्य शाखेत १८८१चा चलनक्षम दस्तऐवज कायदा शिकताना 'यथाविधी धारक' ही कल्पना आली. हुंडी देणाऱ्याच्या हक्कात खोट असली, तरी जो ती सद्भावनेनं, मोबदला देऊन, खोट ठाऊक नसताना घेतो, त्याचा हक्क निर्वेध राहतो. सर समजावून सांगत होते आणि वर्गात मला एकट्यालाच घाम फुटला होता. माझा मावसभाऊ यथाविधी धारक होता.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, गणपती बोळवून लोक झोपले असताना, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्याबद्दल विनोदी लेखात लिहिण्यासारखं काही नाही. हजारो माणसं गेली. लातूर शहरात त्यामानानं निभावलं, पण घरात झोपायची कोणाची छाती होईना. पुढे काही दिवसांनी मावशीनं पोराला आमच्याकडे नांदेडला धाडलं. तो आला तो एक शबनम, दोन सदरे आणि एक दोनशेपानी वही घेऊन.

पहिले दोन दिवस तो फारसं बोलला नाही. जिन्यावर कोणी धावत उतरलं तरी दचके. तिसऱ्या दिवशी त्यानं शबनममधून माझी जपानी कॅसेट काढली आणि म्हणाला, "दादा, लाव ना. इथं लाईट असंल."

मी लावली. राजा टुक्टुक् बोलला. मी मनात म्हटलं, आता हा मला विचारणार, ही कसली कॅसेट दिलीस म्हणून. पण त्यानं वही उघडली. वहीभर जपानी अक्षरं! एकेका ओळीत वीस वीस अक्षरं, खाली तारीख. एका पानावर खूण-यादी: हे जिलबीसारखं, हा गळ, हा कोयता, ह्या दोन काड्या. म्हणजे राजाशी बोललं की तो वीस अक्षरांचा मंत्र देत असे. तो जसाच्या तसा उतरवून दुसऱ्या दिवशी भरला, तर गेम तिथून पुढे सुरू होई. एक अक्षर चुकलं तर सही जुळत नाही म्हणून चेक परत! वीज गेली म्हणजे सगळा दिवस वाया. भूकंपानंतर टीव्ही घरात आणि माणसं बाहेर, म्हणून अंगणात कंदिलाशी बसून हा जुने मंत्र नीट करून पुन्हा लिहीत असे.

मग माझ्या डोळ्यांदेखत तो खोलीतून बाहेर पडला. पेटीवर उभं राहायचं आणि पाटीवरचा आठवा शब्द निवडायचा. एका पेटीत पैसे, एकीत मशाल, एकीत किल्ली. दारापाशी जाऊन दाराचा शब्द, जिन्यावर जिन्याचा शब्द. हे त्यानं शोधलं कसं? तर प्रत्येक जागी आठच्या आठ पर्याय ओळीनं करून पाहायचे आणि वहीत नोंद ठेवायची. पुढे ज्याला सबंध महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखू लागला, त्याचं हे मी पाहिलेलं पहिलं प्रात्यक्षिक. बाहेर पडल्यावर सबंध देश पसरला होता: गावं, पूल, गुहा. आणि मैदानात पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, निळा, हसरा राक्षस.

"इतके दिवस हेच करू लालास?" मी विचारलं.

"पयला महिना तर खोलीतच गेला," तो म्हणाला. "मला वाटलं गेम चांगलाय, मलाच जमंना. तू म्हणला होतास ना, डोकं लागतंय म्हणून. मग लावलं."

मी उठून पाणी प्यायला गेलो.

बऱ्याच वर्षांनी, नांदेडमध्ये सायबर कॅफे निघाल्यावर, एका संध्याकाळी तो निळा थेंब मला पडद्यावर भेटला. माझ्या त्या टाकाऊ कॅसेटीचं नाव होतं 'ड्रॅगन क्वेस्ट'. एनिक्स कंपनीनं २७ मे १९८६ रोजी काढलेला, जपानात लाखांनी खपलेला, तिथल्या घरोघरी माहीत असलेला गेम. त्याचा तिसरा भाग १९८८च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावणाऱ्या मुलांना पोलिसांनी धरलं होतं. खोली सुरुवातीला बंद ठेवली होती ती मुद्दाम, खेळाडूला पेटी, किल्ली, दार आणि जिना शिकवण्यासाठी. म्हणजे मी बालवाडीच्या वर्गात चार दिवस बसून, हे विद्यापीठ बंडल आहे असा निकाल दिला होता.

आणि आता परीक्षकांच्या विश्वासार्हतेची मौज पाहा. हा गेम रचणारे युजी होरी हे स्वतः 'शोनेन जम्प' या खपाच्या साप्ताहिकात गेमची परीक्षणं लिहिणाऱ्या मंडळींपैकी एक, आणि तेही टोपणनावानं. गेमची चित्रं काढणारे अकिरा तोरियामा त्याच साप्ताहिकातले लाडके चित्रकार. गेमचं कौतुक कुठे छापून आलं? त्याच साप्ताहिकात. माझ्या बँकेत कर्जदार, जामीनदार आणि मूल्यांकन करणारा एकाच घरातले निघाले, तर तपासनीस तीन दिवस जेवायचा नाही. संगीतकार कोइची सुगियामा यांचंच प्रकरण तेवढं स्वच्छ: त्यांनी एनिक्सच्या एका बुद्धिबळासारख्या खेळाबद्दल गिऱ्हाईक म्हणून अभिप्रायाचं कार्ड पाठवलं, ते वाचून कंपनीनं त्यांनाच गाठलं. अभिप्रायाच्या कार्डाला उत्तर आल्याचं हे माझ्या ऐकिवातलं एकमेव उदाहरण.

हाच गेम १९८९ साली इंग्रजी होऊन अमेरिकेत गेला आणि पडून राहिला. तेव्हा निन्टेन्डोनं तो आपल्या 'निन्टेन्डो पॉवर' मासिकाच्या वर्गणीदारांना फुकट वाटला. कंपनीचाच गेम, कंपनीचंच मासिक, त्यात कंपनीच्याच गेमची स्तुती. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की मी बदल्यात कॉन्ट्रा घेतली.

गुण देण्याच्या धंद्याचं पुढे बरंच शास्त्र झालं. जपानच्या 'फॅमित्सू'नं १९८६ साली चार परीक्षकांची पद्धत आणली, प्रत्येकी दहा, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस मिळवायला कोणालाही १९९८ साल उजाडावं लागलं. २००७ साली 'गेमस्पॉट'च्या जेफ गर्स्टमन यांनी एका गेमला दहापैकी सहा दिले. त्याच गेमच्या जाहिराती त्याच ठिकाणी झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली, आणि त्यामागे जाहिरातींचं राजकारण होतं हे त्यांनी २०१२ साली उघड सांगितलं. 'फॉलआउट : न्यू वेगस' या गेमच्या कर्त्यांना सरासरी पंच्याऐंशी पडली असती तर बोनस होता, पडली चौऱ्याऐंशी. एका मार्कानं नापास होणारा पोरगा मी पाहिला आहे, सबंध कंपनी प्रथमच. २०२०च्या डिसेंबरात 'सायबरपंक'वाल्यांनी परीक्षकांना गेम दाखवला तो भारी संगणकांवरचा. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळला की सोनीनं आपल्या दुकानातून आठवड्याभरात काढून टाकला. सारवलेली ओसरी दाखवून पडकी माडी विकणं आपल्याकडेही चालतं. पण ओसरी-माडीचा व्यवहार एका आठवड्यात मोडलेला मी पाहिला नाही.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, स्टीमवर दोन तासांच्या आत नाही आवडला तर पैसे परत मिळतात. २०१५पासून."

"दोन तास?" मी म्हणालो. "मी चार दिवस राजाच्या खोलीत होतो!"

"मग काकांना विचारू का?"

काका म्हणजे लातूरचे. ते आता सोयाबीनच्या आडतीत आहेत. पोत्यात हात घालतात, चार दाणे दाताखाली धरतात आणि ओल बारा टक्के की चौदा ते सांगतात; मग यंत्र लावलं तर यंत्र त्यांच्याच आसपास येतं. विकणारा आणि घेणारा दोघं समोर उभे असतात, आणि उद्या पुन्हा त्यांच्याच दारात यायचं असतं. चिरंजीवांनी फोन स्पीकरवर टाकला. काकांनी गेमचं नाव ऐकलं, तो काय आहे, किती वेळ चालतो, कॉलेजच्या परीक्षा कधी आहेत हे विचारलं, आणि म्हणाले, "मला ह्या गेमचं ठाव नाही बाळा. दोन तास मन लावून खेळ. कंटाळा आला तर बघ, गेमचा आलाय का तुझा तुला आलाय. अन् बापाला शेजारी बसवू नको."

मी फोन ओढून घेतला. ड्रॅगन क्वेस्टचे पहिले दोन भाग नव्या रूपात, ३० ऑक्टोबर २०२५ला निघाले आहेत, इंग्रजीत सगळं वाचता येतं, ही बातमी मी त्याला ऐटीत दिली. मग सहज विचारलं, "ती वही आहे का रे अजून?"

"आहे की. दुकानातच आहे, तिजोरीत."

"पाठव ना एकदा. बघतो मी."

पलीकडे पोती मोजल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "पाठवतो दादा. आधी माझी कॉन्ट्रा परत कर."

कॉन्ट्रा मी १९९५ साली गल्लीतल्या एका मुलाला दीडशे रुपयांना विकली. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.